नाव पलीकडे होती

मला एका जागी बसवत नाही. हे लिहायला बसल्यापासून दोनदा उठून पाणी पिऊन आलो, तहान नसताना. आमचे आजोबा मेंढरांमागं हिंडायचे. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून कोकणात उतरायचे. वडिलांनी शिरूरजवळ जमीन धरली आणि ते हिंडणं संपलं, पण माझ्या पायांना हे कुणी कळवलंच नाही. शाळेत पाय हलवतो म्हणून मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. लग्नात बोहल्यावरसुद्धा पाय हलवत होतो, तेव्हा मामानं मागून असा चिमटा काढला की अंतरपाट दूर व्हायच्या आधीच मी ओरडलो. आणि अशा या माणसानं एकदा आख्खं वर्ष हलायचंच बंद केलं होतं. हे सांगितलं तर लोक हसतात.

तर ते आधी सांगतो. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, शिरूरला सायकलचं दुकान होतं. सायकली भाड्यानं द्यायच्या, पंक्चर काढायचं, असलं साधं दुकान. मी मिसरूड फुटायच्या वयाचा होतो तेव्हापासून दादा मला शर्यतीत पळवायचा. जत्रा असो, पंधरा ऑगस्ट असो, कुठल्या पाटलाच्या पोराचं लग्न असो, शर्यत आहे म्हटलं की दादा मला घेऊन हजर. जिंकलो की जिंकलो म्हणून पुढची शर्यत, हरलो की हरलो म्हणून पुढची शर्यत. बक्षिसाचे फेटे इतके साठले की आईनं त्यांचं गोधड्यांना अस्तर लावलं. दादा वाईट नव्हता हो. त्याला थांबता येत नव्हतं, आणि पाय माझे होते.

मग एकदा न्हावऱ्याच्या अलीकडं, भर शर्यतीत, मी सायकलवरून उतरलो. पुढं कुणी नव्हतं. मागं लांबवर धुरळा दिसत होता. म्हणजे जिंकतच होतो की! पंक्चर नाही, पोटरीत गोळा नाही, चेन उतरलेली नाही. उतरलो, सायकल बांधाला टेकवली आणि बसलो. मागचे आले, बघत बघत गेले. एकानं ओरडून विचारलंसुद्धा, "काय झालं रं?" मला सांगता येईना. वीट आला होता, झालं. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

सायकल ढकलत घरी आलो आणि आडवा झालो, तो वर्षभर आडवाच. कुणी काही विचारलं तर हूं नाही की चूं नाही. दादा बोलून बोलून दमला. आईनं लिंबं उतरवली, देवऋषी येऊन कपाळाला भंडारा फासून गेला. माझं लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. बायको सकाळी लोकांच्या रानात खुरपायला जायची, दुपारी येऊन मला उठवून बसवायची, ताट पुढं ठेवायची, आणि मी जेवलो की परत कामाला. ती काय काय बोलायची ते आठवत नाही. बोलायची खूप, एवढंच आठवतं.

पुढं हळूहळू उठलो. कसा उठलो तेही सांगता येत नाही. रेल्वेत भरती निघाली होती, सासऱ्यांनी मागं लागून मला पाठवलं आणि दौंडला मालधक्क्यावर कारकून म्हणून लागलो. क्वार्टर मिळालं, मुलं झाली, ती मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली. दादा माझ्याशी परत कधी सायकलीचं बोलला नाही, आणि आता तो नाही. मीही शर्यतीचा विषय काढत नव्हतो. ड्यूटीवर जायला एक काळी सायकल होती, तिच्यावर सरळ बसून, घंटी वाजवत जायचो यायचो, इतर दहा कारकुनांसारखा.

मग आला चौऱ्याहत्तरचा संप. रेल्वे बंद, मे महिन्याचं ऊन, आणि पहाटे पहाटे क्वार्टरवर पोलीस. घरात सापडेल त्याला उचलायचे आणि ड्यूटीवर नेऊन बसवायचे. म्हणून आम्ही सगळे उजाडायच्या आत घर सोडायचो. कुणी सासुरवाडीला गेला, कुणी मित्राच्या मळ्यात. आमच्या धक्क्यावरची बरीच मंडळी उसाच्या फडात जाऊन दिवसभर झोपून राहायची. मीही एक दिवस गेलो त्यांच्याबरोबर. उसात झोपणं म्हणजे काय सांगू तुम्हाला! पाचट टोचतंय, चिलटं नाकात जातायत आणि शेजारचा खुशाल घोरतोय. तासाभरात उठलो, सायकल बाहेर काढली आणि सोलापूर रस्त्याला लागलो.

त्या दिवशी पाटसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी चौफुला. मग यवत. संप मिटायला आला तेव्हा मी कासुर्डीला जाऊन, हॉटेलात चहा मारून, उन्हं कलली की परत दौंडात येत होतो. पोलिसांना चुकवायला निघालो होतो, दुसरं मनात काही नव्हतं. संप मोडला, लोक तोंडं पाडून कामावर आले, मीही आलो. पण ड्यूटी सुटली की सायकलीचं चाक आपोआप पाटसकडं वळायचं. एका संध्याकाळी पुढं एक दूधवाला होता, दोन्ही बाजूंना कॅन लावलेला, तरणाबांड गडी. मी त्याला मागं टाकला. त्यानं जोर लावला, तसा मीही लावला, आणि त्याचे कॅन वाजायचे बंद होईपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही. हे ओळखीचं होतं. मला आनंद झाला आणि त्याच दमात भीतीही वाटली.

रविवारी क्वार्टरपुढं सायकल उलटी करून बसलो. मडगार्ड काढलं, कॅरियर काढलं, चेनकव्हर काढलं, हँडल उलटं फिरवून बसवलं. बायको दारात तांदूळ निवडत होती. ती आमच्या सासुरवाडीची, वडगाव रासाईची भाषा बोलते, दौंडात इतकी वर्षं काढूनही तिनं ती सोडलेली नाही.

"घंटी कशापायी काढली?" तिनं विचारलं.

"वजन कमी होतं."

"घंटीचं वजन ते कितीसं?"

मी नट आवळायला लागलो. तिनं सूप झटकलं आणि आत गेली. तिला कळायचं ते कळलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला दौंडातल्या एका तालमीनं जाहीर केलं की दिवाळी झाल्यावर दौंड ते शिरूर सायकल शर्यत घ्यायची. ही सगळी कुस्तीतली माणसं. त्यांना आखाडा माहीत, जोड लावणं माहीत. सायकलीचं म्हणाल तर दोन चाकं असतात, एवढंच. शर्यतीचा रस्ता त्यांनी ठरवला तो आमच्याकडची माणसं वाटसरूला सांगतात तसाच: असं सरळ जायचं, नाव लागंल, पलीकडं वडगाव रासाई, तिथनं इनामगाव, न्हावरा आन् मग शिरूर. नाव लागंल! म्हणजे मधे आख्खी भीमा आडवी, तिला तिथं पूल नाही, आणि शर्यतीतले गडी नावेनं पलीकडं जाणार. याच्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. कमिटीला नाही, नावं देणाऱ्यांना नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही. मी सासुरवाडीला वर्षानुवर्षं त्याच नावेनं जात होतो. आमच्या लेखी नाव हा रस्त्याचाच एक तुकडा होता.

"नाव दिलंत म्हणं," बायको म्हणाली. मी जेवत होतो.

"दिलं."

"वय किती तुमचं?"

"तुला माहीत नाही होय?"

"मला म्हाईत हाय. तुम्हाला हाय का, ते इचारते."

मी चिडलो. चाळिशी उलटली म्हणजे काय माणसानं खाटेला खिळून राहायचं का, शेजारचा पॉइंट्समन या वयात झाडावर चढतो, वगैरे बरंच बोललो. ती ऐकत राहिली. मग तिनं माझ्या पानात भाकरी वाढली आणि समोर बसली.

"अवं, तुम्ही जिका न्हाईतर हरा, मला त्याचं काय न्हाई. पर ते वरीस मी एकदा काढलंय. तवा मी इशीतली हुते, निभावलं. आता परत न्हाई निभायचं माझ्याच्यानं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी बघाया थांबायची न्हाई. आदल्या दिशी म्हायेरी जाते. शर्यत झाली की मला न्यायला या. दारात कोण उभं ऱ्हातंय ते मी बघंन. तवाचं ते आलं आसंल, तर मी येणार न्हाई. आत्ताच सांगून ठिवते."

"अगं, हे काय बोलणं झालं?"

"बोलायचं ते झालं. जेवा."

चार दिवस मी तिच्यावर धुमसत होतो. पण आतून मला पक्कं ठाऊक होतं की भीती मलाही तीच आहे. हरायची भीती कुणाला होती! रोज सकाळी उठलो की पहिल्यांदा स्वतःलाच चाचपून बघायचो: आला का वीट? आज आला का? किडक्या दाताला जीभ जाते ना, तसं मन पुन्हा पुन्हा तिथंच जायचं. पाटसच्या रस्त्याला सायकल हाणताना एकदम वाटायचं, आत्ता पुढच्या वळणावर मी उतरणार आणि बांधावर बसणार. मग त्या वळणाच्या धास्तीनंच आणखी जोरात हाणायचो. ड्यूटीवर लक्ष नसायचं. एकदा सोलापूरच्या पोत्यांवर मनमाडच्या चिठ्ठ्या लावल्या आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. भूक होती, झोप नव्हती. उलटं असतं तर जास्त घाबरलो असतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बायको खरंच गेली. डब्यात चटणी आणि चार भाकरी ठेवून, दाराला कडी लावून गेली.

सकाळी तालमीपुढं ही गर्दी! हलगी वाजत होती, नारळ फोडायला पाहुणे आणले होते, आणि त्या पाहुण्यांनी बोलायला सुरुवात केली ते थांबेचनात. शरीरसंपदा, ब्रह्मचर्य, देशाची तरुण पिढी. अहो, सोडा की! मी एक पाय जमिनीवर, एक पायडलवर, असा उभा. गडी सगळे माझ्या निम्म्या वयाचे. एकानं लाल बनियन घातलेला होता, साखर कारखान्यातला फिटर, तो म्हणाला, "आजोबा, घरनं परवानगी घेतली का?"

"काका म्हण. आजोबा तुझ्या घरी आहेत."

बाकीचे हसले, तोही हसला. पाहुण्यांचं ब्रह्मचर्य संपलं आणि नारळ फुटला.

जपून निघावं, दम राखावा, शेवटी जोर काढावा, हे सगळं मला येत होतं. दादानं घोटून घेतलं होतं. त्यातलं काहीही केलं नाही. निघालो तोच सुटलो. तालमीतली माणसं मागनं ओरडतायत, "आप्पा, जपून! आप्पा!" डांबरी होती तोवर लाल बनियन माझ्या मागच्या चाकाला चिकटून होता. कच्चा रस्ता लागला, उसाच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या लागल्या, तसा तो मागं पडला. चाकोरीत सायकल घालायची नसते, मधल्या उंचवट्यावरनं काढायची असते. ते अंगात होतं, आपोआप झालं. किती वेळ हाणत होतो ठाऊक नाही. घसा कोरडा पडला, मांड्या भरून आल्या. मग मागं बघितलं.

पुढं कुणी नाही, मागं लांबवर धुरळा.

नेमका हाच देखावा. मी हाणत होतो आणि वाट बघत होतो, आता येईल, आता येईल. हात हँडलवर घट्ट धरून ठेवले, जणू मला कुणी ओढून उतरवणार होतं. शेवटचं वळण घेतलं, बाभळी मागं गेल्या, उतार लागला आणि समोर नदी. दोन्ही थड्या भरून पाणी.

आणि नाव पलीकडे!

ब्रेक दाबून उभा राहिलो. पलीकडच्या काठाला नाव लागलेली, आणि नावाडी एका रेडकाला तिच्यात चढवत होता. रेडकू चढत नव्हतं. नावाडी त्याची पाठ थोपटत होता, त्याच्याशी बोलत होता, जसं काही दोघांनाही दिवसभर दुसरं कामच नाही. हा नावाडी कोण, तर माझ्या सासूबाईंचा चुलतभाऊ. म्हणजे बायकोचा मामा, माझा मामेसासरा. वयानं, मानानं मोठा माणूस. हे सगळं मला त्या वेळी स्पष्ट आठवत होतं, म्हणजे विसरलो असं म्हणायची सोय नाही.

पहिली हाक मारली ती, "ओ मामा!"

त्यानं हात वर केला, म्हणजे ऐकलं, आणि परत रेडकाची पाठ.

दुसरी हाक, "ओ नावाडी! आटपा की!"

तिसऱ्या हाकेला मी त्याला मुडदा म्हणालो. त्यानंतर रेडकाचा बाप म्हणालो. मग त्याच्या नावेला, त्याच्या वल्ह्याला, रेडकाच्या मालकाला, नदीवर पूल न बांधणाऱ्या सरकारला आणि असला रस्ता काढणाऱ्या कमिटीला, प्रत्येकाला वेगवेगळं घेतलं. मालधक्क्यावर इतकी वर्षं हमालांत काढली होती, शब्दांना तोटा नव्हता. सायकल घेऊन गुडघाभर पाण्यात शिरलो. तसाच पोहत जाईन, तुझी नाव बुडवीन, असंही म्हणालो. पाण्यावरून आवाज किती लांब जातो, हे लक्षात येण्याइतकं भान नव्हतं. पलीकडं धुणं धुणाऱ्या बायका हातातलं पिळायचं सोडून बघत होत्या. रेडकू मात्र बिथरलं आणि उडी मारून काठावर गेलं.

तोवर मागचे एकेक येऊन थडकले. आधी लाल बनियन. मी पाण्यात उभा, तोंडाचा पट्टा चालू. त्यानं सायकल टेकवली, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "काका, सिग्नल मिळंना व्हय?" मी रेल्वेतला, हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मग बाकीचे आले. मी जी काही वाट एकट्यानं मागं टाकून आलो होतो ती सगळी माझ्या डोळ्यांदेखत घाटावर येऊन बसली, बिड्या ओढायला लागली.

रेडकू शेवटी चढलं. नाव आली. मामा खाली उतरला, रेडकू मालकाच्या हाती दिलं, माझ्याकडं बघितलं. तोंडावर रागाची एक रेघ नाही.

"पाव्हणं, लई घाईत दिसताय."

"मामा, शर्यत आहे!"

"व्हय का? बसा मग."

बसलो. सायकली एकावर एक रचल्या. सगळे चढले. तरी मामा वल्हं हातात घेईना. लांब बांधावरनं दोघं येताना दिसत होते, मागं राहिलेले. "त्यास्नी घिऊ," मामा म्हणाला. "नाव भरल्याबिगर सोडत न्हाई मी." मी उठून उभा राहिलो. नाव कलली. सगळे ओरडले, "काका, बसा!" बसलो. परत उठलो. "बसा!" ते दोघं आले, नाव सुटली, आणि ती भीमा काय रुंद झाली होती सांगू! मामा वल्हं टाकत होता आणि लाल बनियनला विचारत होता, औंदा कारखाना किती दिस चालनार. मला बसवत नव्हतं आणि ही माणसं मला उभं राहू देत नव्हती.

पलीकडं नाव टेकली. गडी सायकली खांद्यावर टाकून घाट चढले. मीही टाकली, दोन पावलं गेलो, तर समोर सासूबाई. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. मागं मेव्हणा, त्याच्या हातात कपबशी.

"जावई, थांबा. पाय धुवा."

"अहो, शर्यत चाललीय!"

"चालू द्या की. ती कुठं पळून जातीया?"

काय बोलणार? सासुरवाडीच्या काठावर पाय ठेवला आणि पाणी न घेता गेलो तर गावभर होणार, आधीच मामाला शिव्या घालून मी पुरेशी अब्रू घालवली होती. सासूबाईंनी पायावर पाणी ओतलं, आधीच ओल्या असलेल्या पायावर. डोक्यावरून भाकरतुकडा ओवाळला, तोही तीनदा, सावकाश. मेव्हणा म्हणाला, "दाजी, च्या घेतल्याबिगर सोडणार न्हाई." बशीत ओतून घेतला आणि उभ्याउभ्या प्यालो, जीभ पोळली. माझं तोंड लाल, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि वर घाटावरनं शेवटच्या सायकलीचा खडखडाट दूर जाताना ऐकू येतोय. "झालं? झालं ना? अजून काही ओवाळायचं राहिलंय?" मी सासूबाईंवर ओरडलो. सासूबाईंवर!

तेव्हा बायको दिसली. लुगड्याचा ओचा ओला, हातात काही नाही, माणसांच्या मागं उभी. ती माझ्याकडं बघत होती. वरपासून खालपर्यंत, नीट. मला वाटलं, संपलं. आता काही ही परत येत नाही.

"आये, सोड त्यास्नी," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "जावा."

गेलो. पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. इनामगावाशी पुण्याची शिकलेली माणसं जमीन खणून जुनी मडकी काढत बसली होती, त्यांतला एक मान वर करून माझ्याकडं बघत राहिला. तिथं दोघांना गाठलं. पुढं आणखी तिघांना. न्हावऱ्याच्या अलीकडचा तो बांध कुठला, ते बघायचं फार मनात होतं. पण तिथं उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवला होता आणि गाडीवाले बाजूला घेईनात. त्यांच्याशी भांडता भांडता बांध कधी मागं गेला ते कळलंच नाही. शिरूरला पोचलो तो पाचवा. बक्षिसं तिघांना. लाल बनियन पहिला, फेटा बांधून उभा होता, मला बघून त्यानं वाकून नमस्कार केला. मी कमिटीच्या माणसाला धरलं.

"घाटावर मी पहिला होतो! विचारा या सगळ्यांना!"

"व्हता की आप्पा. कोन न्हाई म्हंतंय?"

"मग?"

"आता नाव काय तुमच्या एकट्याला व्हती का? समद्यालाच व्हती."

यावर काय बोलायचं, हे मला आजही सुचलेलं नाही. त्या वेळी मात्र बराच वेळ बोललो.

भेळ खाल्ली, तंगड्या जरा सैल केल्या आणि तसाच परत वडगावला निघालो. बायकोला आणायला. आता खरी भीती सुरू झाली. दारात कोण उभं राहतंय ते बघणार होती ती. कसा उभा राहू? हसत जावं, तर ती खोटं ओळखणार. गप्प जावं, तर तेच तर तिला नको होतं. वाटेत एक-दोनदा तोंड हसरं करून बघितलं, समोरून येणारी म्हातारी दचकून बाजूला झाली. शेवटी नाद सोडला. आणि डोक्यात नाव फिरतच होती. ते रेडकू. नाव भरल्याबिगर सोडत न्हाई म्हणे! मी असा काय मोठा अपराध केला होता?

उन्हं उतरली होती. बायको ओट्यावर बसली होती. मी सायकल भिंतीला लावली आणि उभ्यानंच सुरू झालो. मामा असा, रेडकू तसं, पाचवा आलो, पहिला येत होतो, कमिटी गाढव, तुझ्या आईला काय आत्ताच ओवाळायचं होतं, आणि तो चहा, जीभ अजून भाजलेली आहे, बघ. मधे उठून तिनं पाणी आणून दिलं, ते पीत पीतसुद्धा मी बोलत होतो. बोलायचं संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं अजून काहीच सांगितलेलं नाही.

"मग?" मी विचारलं. "येणार का नाही?"

"पिशवी कवाच भरलीया."

"कधी? मी आत्ता तर आलो."

"सकाळीच. धुनं धूत हुते मी घाटावर. पलीकडनं तुमच्या शिव्या आल्या. मामाला, नावंला, रेडकाला." ती थांबली. तोंड दुसरीकडं केलं, पदर नाकाला लावला. मला वाटलं हसतेय. "तसंच टाकलं धुनं. घरी आले आन् पिशवी भरली."

मी तिच्याशेजारी ओट्यावर टेकलो.

"तवा, त्या वरसात," ती म्हणाली, "तुम्ही एकडाव तरी चिडावं म्हनून म्या काय काय न्हाई केलं. वाट्टंल ते बोलायचे. कालवनात मूठ मूठ मीठ टाकायचे, मुद्दाम. तुम्ही गप खायचात."